ब्लूज आणि जॅझमधून बायबल वाचायला शिकताना : नवीन ऐकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी अहमदनगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलो, घरात ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक आणि पेटी, त्यामुळे जॅझ-ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत आपलं नाहीच असं वाटायचं. वडील गेले त्या वर्षी रविवारी चर्चमध्ये आनंदाची गीतं चालू असायची आणि माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. त्याच दिवसांत एका मित्राने ब्लाइंड विली जॉन्सन या अंध अमेरिकन गायक-गिटारवादकाचं ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ हे रेकॉर्डिंग पाठवलं, डिसेंबर 1927 मध्ये डॅलसला केलेलं. तुम्ही पण सुरुवात तिथूनच करा असं मी सांगेन.

ते जेमतेम साडेतीन मिनिटांचं आहे आणि त्यात एकही शब्द नाही. ज्या जुन्या भजनावरून त्याचं नाव आलंय ते गेथशेमाने बागेतल्या, येशूला पकडण्याआधीच्या रात्रीबद्दल आहे, गार जमीन, अंधार आणि प्रभू एकटा. विली गिटारच्या तारांवर स्लाइड (बोटांऐवजी तारेवर टेकवायची कडक वस्तू) घसरवतो आणि मागे नुसता कण्हतो, गुणगुणतो, म्हणजे आवाज जिथे थांबतो तिथून तार पुढे बोलते आणि तार थकली की परत आवाज. त्या काळच्या काळ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पुढारी एक ओळ द्यायचा आणि सगळे ती लांबवून म्हणायचे, तीच पद्धत हा एकटा माणूस करतोय. ते ऐकल्यावर रोमकरांस पत्र, अध्याय 8, ओवी 26 काढा, आत्मा ‘अनिर्वाच्य कण्हण्याने’ आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं तिथे लिहिलंय. मी ती ओवी लहानपणापासून पाठ म्हणायचो, पण कण्हणं म्हणजे काय ते मला त्या रात्री कानाने कळलं. (1977 मध्ये हेच रेकॉर्डिंग व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलं गेलंय.)

आता ब्लूजची बांधणी. साध्या बारा मात्राखंडांच्या (ट्वेल्व्ह-बार) ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी ओळ उत्तर देते. स्तोत्र 13 उघडा, दावीद ‘कोठवर?’ हा प्रश्न एकदा विचारून थांबत नाही, चार वेळा विचारतो आणि मग विश्वासाकडे वळतो. स्तोत्र 88 तर वळतही नाही, अंधारातच संपतं. माझा सल्ला असा की स्वतःची तक्रार तीन ओळीत लिहा, कुणाला दाखवायची गरज नाही. मी लिहिलेली ही :

भाड्याची तारीख आली देवा, खिशात दमडी नाही,
भाड्याची तारीख आली देवा, खिशात दमडी नाही,
कावळ्याला तू दाणा देतोस, माझी आठवण आहे की नाही?

आमच्या बायबल स्टडीत एका वडीलधाऱ्यांनी हे ऐकून सांगितलं की असलं संगीत सैतानाचं, विश्वासणाऱ्याने देवाला असं विचारू नये. मला फार लागलं ते, कारण कावळे मी लूकच्या 12 व्या अध्यायातून घेतले होते, देव कावळ्यांना खायला घालतो असं येशू तिथे सांगतो. नंतर थॉमस डॉर्सी या अमेरिकन गॉस्पेल (काळ्या चर्चमधली भक्तिगीतं) गीतकाराबद्दल वाचलं आणि धीर आला. पाळकाचा मुलगा, आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावाने ब्लूज गायिका मा रेनीच्या मागे ब्लूज पियानो वाजवायचा. ऑगस्ट 1932 मध्ये तो सेंट लुईसला सभेत असताना शिकागोत त्याची बायको नेटी बाळंतपणात गेली आणि मग बाळही गेलं. त्या दुःखातून त्याने प्रभूला ‘माझा हात धर’ म्हणणारं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं लिहिलं, जुन्या भजनाच्या चालीवर. त्याआधी त्याच्या गॉस्पेलला ब्लूजचा वास येतो म्हणून कितीतरी चर्चेसनी त्याला दार दाखवलं होतं. तेच गाणं पुढे 1968 मध्ये गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी मार्टिन ल्युथर किंग यांच्या अंत्यविधीत गायलं. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं, म्हणून घरच्या चालीत प्रार्थना करणं काय असतं ते मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

जॅझकडे थोडं उशिरा वळा, घाई नको. जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स 1954 मध्ये पॅरिसला कार्यक्रम अर्धवट सोडून उठली आणि तिने वाजवणंच बंद केलं, प्रार्थनेत आणि गरजू वादकांच्या सेवेत दिवस घालवायची. 1957 मध्ये ती कॅथलिक झाली, आणि ओळखीच्या पाद्र्यांनी आणि मित्रांनीच तिला परत पियानोकडे पाठवलं. पुढे तिने जॅझमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासनेचं संगीत) रचली, ती 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये वाजली. विश्वासात आलो म्हणून गिटार विकायला निघालेल्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या, डिसेंबर 1964 मध्ये रेकॉर्ड झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमचा शेवटचा भाग ‘साम’ म्हणजे स्तोत्र. कव्हरच्या आत त्याने देवाला लिहिलेली कविता छापलीय आणि तो सॅक्सोफोनवर ती अक्षर-अक्षर ‘वाचतो’. कविता समोर ठेवा, बोट ओळीवरून फिरवत ऐका, देवाचे आभार कुठे येतात ते सूर ओळखू येतात. त्याचे दोन्ही आजोबा पाळक होते, पण त्याची स्वतःची श्रद्धा फक्त ख्रिस्ती चौकटीत बसत नाही, ते प्रामाणिकपणे लक्षात ठेवूनच ऐका.

पवित्र आठवड्यात गुरुवारी रात्री प्रभुभोजनाहून आलं की मी घरातले दिवे बंद करून विलीचं ते रेकॉर्डिंग एकदाच लावतो आणि मग शुक्रवारच्या उपासनेपर्यंत दुसरं काही ऐकत नाही. गेल्या वर्षी आई पण येऊन बसली, तिला गिटार वगैरे कळत नाही, ती म्हणाली, तुझे पप्पा शेवटी शेवटी असंच प्रार्थना करायचे.