प्रौढ उंदराच्या डोळ्यातून दृष्टिपटलाच्या पेशी वाढवताना

परितारिकेच्या (डोळ्यातील रंगीत पडद्याच्या) मागे, दृष्टिपटलाच्या (प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पडद्याच्या) काठाला लागून सिलिअरी बॉडीचे काळपट कडे असते; टोरांटोच्या संशोधकांनी २००० साली प्रौढ उंदराच्या याच कड्यातून गोलाकार पेशीपुंज वाढवले होते. प्राणी-नैतिकता समितीची परवानगी मिळाल्यावर ताज्या नेत्रगोलातून हे कडे सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून घ्यावे आणि त्याला दृष्टिपटलाचा कणही चिकटलेला राहू देऊ नये, कारण तो राहिला तर पेशी कड्यातूनच वाढल्या हा पुढचा निष्कर्षच संशयास्पद ठरतो. डिस्पेज व ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकरांनी सुट्या केलेल्या पेशी सीरमरहित (रक्तजल न घातलेल्या), एफजीएफ-२ हा वाढघटक घातलेल्या पोषक माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ७ दिवस ठेवाव्यात. त्या विरळच पेराव्यात. दाट पेरल्यास पेशी नुसत्या एकमेकींना चिकटतात आणि नवशिक्याला वाढ झाल्याचा भास होतो. नंतर वाढघटक काढून, थोडे सीरम घालून पुंज लॅमिनिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या थरावर बसवावेत आणि ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाची तपासणी करावी. मात्र रंगद्रव्याने अजून काळ्या दिसणाऱ्या पेशीत ऱ्होडॉप्सिन आढळले, एवढ्यावरून तिला दृष्टिपटलाची प्रकाशग्राही पेशी म्हणण्याची घाई करू नये: या पेशी मूळच्या उपकलेचेच (कड्यावरील रंगद्रव्ययुक्त आवरणाचेच) गुणधर्म टिकवून ठेवतात, असे २००९ सालच्या अभ्यासात दिसून आले होते.