आइसने (अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांनी) पकडलं तर आतल्या माणसाने काय करायचं आणि घरच्यांनी काय करायचं

सगळ्यात आधी एकच सांगते, जो कागद समजला नाही त्यावर सही करायची नाही, अधिकारी गोड बोलला तरी नाही आणि आवाज चढवला तरी नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा, साताऱ्याकडचा, स्टुडंट व्हिसावर आलेला, नंतर नोकरी गेली आणि त्याबरोबर इथे राहायचं कायदेशीर स्टेटसही गेलं. त्याला पकडल्यावर रात्री दीड वाजता समोर एक कागद ठेवला आणि सांगितलं, सही कर, लवकर घरी जाशील. पोराला वाटलं सोडतायत, घर म्हणजे इथली त्याची रूम. ते घर म्हणजे साताऱ्याचं घर आणि तो कागद म्हणजे जजसमोर उभं राहायचा हक्क सोडल्याचा कागद, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पेन हातात होतं. नशीब त्याने "आधी वकील" एवढं म्हटलं आणि पेन खाली ठेवलं.

मी वकील नाहीये, न्यू जर्सीत एडिसनला राहते, मंडळातल्या लोकांसाठी अशी धावपळ करून करून जे कळलं ते लिहितेय. ओव्हरस्टे झालेली, म्हणजे व्हिसाची मुदत संपूनही राहिलेली माणसं आपल्यातही आहेत, फक्त कुणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे वेळ आली की घरच्यांना काहीच सुचत नाही.

कागद नसले म्हणून माणसाला हक्कच नाहीत असं अजिबात नाही. अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती "व्यक्ती"बद्दल बोलते, नागरिकांपुरती नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २००१ च्या झॅडविडास केसमध्ये हे पुन्हा स्पष्ट सांगितलंय. म्हणून गप्प बसायचा हक्क आहे. कुठे जन्मलास, कसा आलास, किती वर्षं झाली, या प्रश्नांना "मला वकिलाशी बोलायचंय" एवढंच उत्तर पुरे. पण खोटं बोलायचं नाही, खोटा कागद दाखवायचा नाही, आणि मी अमेरिकन सिटिझन आहे असं तर चुकूनही म्हणायचं नाही, त्या एका वाक्याने ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते.

वकिलाचा हक्क आहे पण तो सरकार देत नाही, इथेच सगळ्यांचा घोळ होतो, कारण क्रिमिनल केससारखा फुकट वकील मिळेल असं वाटत असतं. इमिग्रेशन कोर्टात वकील स्वतःच्या खर्चाने. मात्र न्यू जर्सीत डिटेन्शनमधल्या (इमिग्रेशनच्या कोठडीतल्या) लोकांना फुकट वकील मिळावा म्हणून २०१८ पासून राज्याच्या पैशावर चालणारा कार्यक्रम आहे, लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आणि अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी त्यात काम करतात, न्यूयॉर्कमध्येही तसाच कार्यक्रम आहे. पहिला फोन तिकडे करा. आणि "माझी वर ओळख आहे, काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक डॉलरही देऊ नका, वकिलाचं नाव स्टेट बारच्या साइटवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता घरच्यांसाठी. माणूस कुठे ठेवलाय ते आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर दिसतं, ए नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला नंबर) आणि जन्मदेश टाकून, नाहीतर नाव आणि जन्मदेश टाकून. नावाने शोधताना आपल्या लोकांची हमखास गडबड होते, कारण सिस्टिमला नाव अगदी जसंच्या तसं लागतं आणि आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि मग अमेरिकन सिस्टिममध्ये पहिलं नाव एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) पडतं. त्या साताऱ्याच्या पोराला आम्ही सहा तास शोधत होतो, शेवटी वडिलांचं नाव जोडून टाकलं तेव्हा सापडला. म्हणून ए नंबर आधीच लिहून ठेवा, वर्क परमिटवर असतो, जुन्या नोटिशीवर असतो. जन्मदेश म्हणून भारत टाकायचं. कोर्टाची तारीख १-८००-८९८-७१८० या नंबरवर ए नंबर दाबून कळते.

हे सगळं घाईने करायचं कारण ट्रान्स्फर. आज नेवार्कच्या डिलेनी हॉल या डिटेन्शन सेंटरमध्ये असलेला माणूस परवा लुईझियाना किंवा टेक्सासला असू शकतो, आणि हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी बेकायदेशीर आहे असं कोर्टाला सांगायचा अर्ज साधारणपणे माणूस जिथे ठेवलाय तिथल्याच फेडरल कोर्टात करावा लागतो, त्यामुळे वकिलाला एक दिवस आधी गाठलं की उशिरा, यावर बरंच अवलंबून असतं.

बाँडचं, म्हणजे जामिनाच्या रकमेचं, असं आहे की कायद्याने कमीत कमी १५०० डॉलर, प्रत्यक्षात बरेचदा खूप जास्त, आणि पूर्ण रक्कम भरावी लागते, भरणाऱ्याकडे लीगल स्टेटस हवं. सगळ्या तारखांना हजर राहिलात तर केस संपल्यावर पैसे परत मिळतात. व्हिसावर येऊन ओव्हरस्टे झालेल्यांना सहसा जजकडे बाँड मागता येतो, पण क्रिमिनल रेकॉर्ड असेल तर गोष्ट वेगळी. बॉर्डर ओलांडून आलेल्यांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने यजूरे हुर्ताडो केसमध्ये ठरवलं की जजला बाँड द्यायचा अधिकारच नाही, त्यावर फेडरल कोर्टांत जोरदार लढाई सुरू झाली आणि अनेक जजेसनी हेबियसवर बाँडची सुनावणी द्यायला लावली, तेव्हा "बाँड नाही" ऐकून गप्प बसू नका, वकिलाला हेबियसबद्दल विचारा.

बाँड देताना जज दोन गोष्टी बघतो, माणूस धोकादायक आहे का आणि पळून जाईल का. म्हणून लीझ, टॅक्स रिटर्न, मुलांचे जन्मदाखले, आणि ओळखीच्यांची पत्रं द्यायची. पत्रात "मुलगा फार सज्जन आहे" लिहून काही होत नाही, किती वर्षं ओळखता, गणपतीत दरवर्षी मांडव कोण घालतो, शेजारच्या आजींना डायलिसिसला कोण नेतो, असं लिहा. मराठी कागद असेल, ग्रामपंचायतीचा दाखला, एफआयआर काहीही, तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं सर्टिफिकेट जोडा.

कोर्टात दुभाषा फुकट मिळतो. आपली माणसं लाजेने "हिंदी चालेल", "इंग्लिश ओके" म्हणतात, तसं करू नका. मराठी मागा. तारखा, भीती, कोण काय बोललं, हे आईच्या भाषेतच नीट सांगता येतं आणि एक शब्द चुकला तर नंतर तो तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतात. भारतात परत जायची खरी भीती असेल तर ती प्रत्येक अधिकाऱ्याला सांगा. असायलमचा (आश्रयाचा) अर्ज अमेरिकेत आल्यापासून १ वर्षाच्या आत करायचा असतो, अपवाद थोडे आहेत.

कॉन्सुलेटला कळवायचा हक्क व्हिएन्ना करारातल्या ३६व्या कलमाने मिळतो, पण भारताच्या बाबतीत अधिकारी आपोआप कळवत नाहीत, तुम्हाला मागावं लागतं. कॉन्सुलेट वकील होत नाही, पण विचारपूस करतं. फक्त भीती भारत सरकारचीच असेल तर आधी वकिलाशी बोला, मग कॉन्सुलेट.

आतल्या फोनवर केसबद्दल घरी काही बोलू नका, ते कॉल रेकॉर्ड होतात. बीपी-शुगरच्या गोळ्या पहिल्याच तपासणीत सांगा, ती पोचल्यापासून १२ तासांत व्हायला हवी असं आइसच्याच नियमांत आहे, आणि शाकाहारी असाल तर धार्मिक आहाराचा लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं हरवतं. अर्जाची तारीख स्वतःकडे लिहून ठेवा.

जज विरोधात गेला तर तिथल्या तिथे "अपील राखून ठेवतो" म्हणायचं आणि मुदतीची तारीख वकिलाकडून त्याच दिवशी लिहून घ्यायची. आणि सुटलात तर पत्ता बदलल्यावर ५ कामाच्या दिवसांत कोर्टाला ईओआयआर-३३ फॉर्म भरून द्यायचा, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि तारीख चुकली की गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो.