महिला-राखीव वॉर्डातून तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज कसा टिकवायचा

खान्देशातल्या तृतीयपंथी उमेदवाराला उदाहरण शोधायला लांब जायला नको. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी महिला-राखीव वॉर्डातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. ३१ डिसेंबर २०२० च्या छाननीत तो बाद झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ ला तो स्वीकारायला लावला, आणि त्या निवडूनही आल्या. त्याआधी मध्य प्रदेशात कटनीच्या तृतीयपंथी महापौर कमला जान यांची निवड, जागा महिलांची म्हणून, न्यायालयाने रद्द केली होती. फरक पडला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालाने: आपलं लिंग कोणतं, हे ज्याचं त्याने सांगायचं.

पण निकाल आपल्या बाजूने असला तरी अर्ज अडकतो तो कागदावर. म्हणून सुरुवात मतदार यादीपासून करा, तीही निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. यादीत 'तृतीयलिंगी' आणि अर्जात 'स्त्री' असलं की विरोधकाला आयता आक्षेप मिळतो. दुरुस्तीसाठी नमुना ८, नवीन नावासाठी नमुना ६. आई-वडिलांशी संबंध तुटला असेल तर अडून बसू नका. नमुना ६ मध्ये नातेवाईक म्हणून तृतीयलिंगी मतदाराला आपल्या तृतीयपंथी समाजातल्या गुरूचं नाव लिहिता येतं. बीएलओकडून, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडून, पोच घ्या. नावाचं स्पेलिंग आधार, यादी आणि जातीच्या दाखल्यावर एकच हवं.

अर्जातल्या लिंगाच्या रकान्यापाशी घाई नको. खंडपीठाने अंजली पाटील यांना बजावलं होतं, की एकदा 'स्त्री' निवडलं की पुढे आरक्षणाच्या सोयीसाठी ते बदलायचं नाही. तेव्हा विचार करूनच खूण करा. सोबत स्वतःची ओळख सांगणारं प्रतिज्ञापत्र, असल्यास ओळखपत्र, आणि भादलीच्या निकालाची प्रत जोडा. निवडणूक निर्णय अधिकारी बहुधा महसूल किंवा पंचायत समितीचा माणूस असतो. हा निकाल त्याने वाचलेला असेलच असं धरून चालू नका. त्याच्या टेबलावर प्रत ठेवा, आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

छाननीला स्वतः हजर राहा. कुणी आक्षेप घेतला तर तो लेखी मागा. अर्ज फेटाळलाच तर कारणांसह आदेशाची प्रत त्याच दिवशी घ्या, तिथून हलू नका. त्या वर्षी छाननीनंतर माघारीला फक्त ४ जानेवारीपर्यंत मुदत होती, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. वकील आधीच बोलून ठेवा, वकालतनाम्यावर सही करून ठेवा. एरवी न्यायालयं चालू निवडणुकीत सहसा हात घालत नाहीत, म्हणून एक दिवसही महागात पडतो.

प्रचारात सोबतच्या कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावं: उमेदवाराला सगळ्यांसमोर 'ताई' म्हणावं, जुनं नाव तोंडातून निघू देऊ नये. गाव पहिल्या दोन-तीन ओट्यांवर जे ऐकतं, तेच पुढे बोलतं. घरोघरी एखादी शेजारीण बरोबर असू द्या. बाईच्या वॉर्डात बाईने ओळख करून दिली की दार लगेच उघडतं.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हरलात तरी. तो राहिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.