रायझोबियमचं फॅटी ॲसिड प्रोफाइल: आधी प्लेटचं वय बघा

थीसिससाठी रायझोबियमची (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतला नत्र बांधणारा जिवाणू) फॅटी ॲसिडं मोजायची असतील, तर ती मोजणाऱ्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) मशीनची धास्ती सोडा. ते चालवणारं कोणीतरी असतंच. आकडे बिघडतात ते त्याआधी, इन्क्युबेटरमध्ये.

सोयाबीन फुलावर असताना, पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी गाठी घ्या. काळ्या जमिनीत झाड उपटलं की गाठी मातीतच राहतात. फावड्याने ढेकळासकट काढून पाण्यात भिजवा. आतून गुलाबी असलेल्याच गाठी घ्या. पुढचं निर्जंतुकीकरण, वायईएमए (यीस्ट अर्क आणि मॅनिटॉल साखरेचं वाढमाध्यम), त्यातला काँगो रेड रंग तुम्हाला येतंच.

घोळ होतो तो इथे. रायझोबियाच्या पेशीपटलात १८:१ ओमेगा-७ सिस (१८ कार्बन, एक दुहेरी बंध असलेलं फॅटी ॲसिड) सगळ्यात जास्त असतं. वाढ थांबत आली की जिवाणू त्याच्याच दुहेरी बंधावर एक कार्बन चढवून १९:० सायक्लो (१९ कार्बनचं, वलय असलेलं आम्ल) बनवतो. म्हणजे तोच आयसोलेट (गाठीतून वेगळा केलेला जिवाणू) ताज्या प्लेटवर एक दिसतो, शिळ्या प्लेटवर दुसराच. हळू वाढणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमला ५-७ दिवस लागतात, जलद वाढणारे २-३ दिवसांत प्लेट भरतात. सगळे एकाच दिवशी खरवडले तर तुम्ही जाती नाही, वयं मोजताय. दिवस नको, अवस्था जुळवा: चार भागांच्या स्ट्रीकमध्ये चौथ्या भागात सुट्या कॉलनी दिसू लागल्या की तिसऱ्या भागातली दाट वाढ घ्या.

तापमान २८ अंश. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच चाळिशीपार. साधा इन्क्युबेटर थंड करत नाही. उष्णतेत संतृप्त आम्लं वाढतात. बीओडी (थंडही करणारा इन्क्युबेटर) मिळत नसेल तर हे काम हिवाळ्यात करा, उगाच रडत बसू नका.

ओल्या पेशी ४० मिलिग्रॅम लागतात. मॅनिटॉलवर डिंक फार सुटतो, म्हणून सलाइनने धुऊन सेंट्रिफ्यूज करा. नाहीतर वजनात डिंकच भरतो आणि जीसीच्या आलेखातली शिखरं (पीक) बुटकी येतात. मग १ मिली मिथेनॉलयुक्त सोडियम हायड्रॉक्साइड, १०० अंशांवर ५ मिनिटं, व्होर्टेक्स, आणखी २५ मिनिटं. नळीतून बुडबुडे आले तर झाकण सैल आहे. नंतर २ मिली आम्लयुक्त मिथेनॉल, ८० अंश, मोजून १० मिनिटं, लगेच थंड पाण्यात. इथे चहाला गेलात तर सायक्लो आम्लं आम्लातच तुटतात, आणि १९:० चा आकडा पुन्हा खोटा. शेवटी १.२५ मिली हेक्सेन-एमटीबीई या द्रावक मिश्रणाने काढून ३ मिली सौम्य अल्कलीने धुवा.

जीसीच्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल जुळवून दिलेलं प्रजातीचं नाव थीसिसमध्ये तसंच उतरवू नका. त्याची तुलनेची लायब्ररी टीएसबीए (ट्रिप्टिक सोय अगर) माध्यमावरच्या २४ तासांच्या वाढीची. तुमची प्लेट वायईएमएची. नावासाठी १६एस (आरआरएनए जनुकाचं सिक्वेन्सिंग) करा. सीनियरच्या जुन्या एक्सेल शीटशी तुलनाही नको.

एका कुपीतून तीन इंजेक्शन म्हणजे तीन रेप्लिकेशन नव्हेत, गाईड कितीही घाई करोत. तीन वेगळ्या प्लेट लावा.