विजेची फर्नेस बसवताना : विनिपेगमधील शिकाऊ काळातील अनुभव

नाशिकच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड पूर्ण करून मी कॅनडातील विनिपेगला आलो, तेव्हा ‘फर्नेस’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ओतकामाची भट्टी उभी राहत असे. प्रत्यक्षात तळघरात उभे केलेले, कपाटाएवढे पत्र्याचे एक खोके पाहायला मिळाले. त्यात हवा ढकलणारा ब्लोअर, तारांच्या गुंडाळ्यांची एलिमेंट्स आणि वरच्या अंगाला तापलेली हवा घरभर नेणारे डक्ट, एवढाच संसार. विनिपेग ज्या प्रांतात आहे, त्या मॅनिटोबात जेथे गॅसची वाहिनी पोचलेली नाही, अशा गावांत आणि शेतघरांत या फर्नेस सर्रास आढळतात. ना ज्योत, ना धुराडे. त्यामुळे हे काम म्हणजे मोठा गीझर जोडण्यासारखे आहे, असा माझा समज झाला होता आणि तो मला महागात पडणार होता.

बसवण्यापूर्वी घराचा वीजपुरवठा पाहावा लागतो. 15 किलोवॉटची फर्नेस 240 व्होल्टला सुमारे 62.5 अँपिअर घेते, ब्लोअरचा भार निराळा. आणि ब्रेकरवर त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांहून अधिक भार येऊ नये, या हिशेबाने जुना 60 अँपिअरचा ब्रेकर कामाचा राहत नाही. ज्या घराचा एकूण पुरवठाच 100 अँपिअरचा आहे आणि जेथे शेगडी, कपडे वाळवण्याचे यंत्र व गीझरही विजेवर आहेत, तेथे आधी हिशेब मांडावा आणि मगच फर्नेस मागवावी. परवाना काढणे आणि मुख्य वायर ओढणे हे लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचे काम आहे. शिकाऊ माणसाने तेथे हौसेने हात घालू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, ती. आपल्याकडे 230 व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. टेस्टर लावला, दिवा लागला, की फेज कोणता ते कळले. येथे घरात दोन जिवंत तारा येतात, प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेत 120 व्होल्टची आणि दोहोंमध्ये मिळून 240. फर्नेसची एलिमेंट्स या दोन तारांमध्येच जोडलेली असतात, त्यांना न्यूट्रल लागत नाही. एलिमेंट्स एकदम सुरू होऊन घरातले दिवे मंदावू नयेत म्हणून सीक्वेन्सर नावाचा स्विच त्यांना थोड्या थोड्या अंतराने जोडतो. त्यात 24 व्होल्टवर तापणारी द्विधातूची पट्टी असते. मात्र अनेक फर्नेसमध्ये हा सीक्वेन्सर दोनपैकी एकच तार तोडतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात थर्मोस्टॅट बंद करून मी एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये मीटर लावला, शून्य दिसले, आणि मी पाना उचलला. सोबतच्या वरिष्ठाने माझे मनगट धरले आणि मीटरचे एक टोक त्याच पत्र्याच्या खोक्याला टेकवले. आकडा 119 आला. दोन्ही टोके एकाच जिवंत तारेवर असल्याने त्यांच्यात फरक नव्हता, म्हणून शून्य. धक्का मात्र पूर्ण बसला असता. तेव्हापासून मी ब्रेकर खाली ओढून कुलूप लावतो आणि प्रत्येक टोक अर्थिंगच्या तुलनेतही मोजतो. नाशिकमधली सवय येथे उपयोगाची नाही, हे मला त्या आकड्याने शिकवले.

जोडणीत लग, म्हणजे वायरचे टोक पकडणारे स्क्रूचे जोड, किती घट्ट करायचे ते लेबलावर छापलेले असते, त्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. अंदाजाने आवळलेला सैल लग 60 अँपिअरच्या भाराने तापतो आणि काही महिन्यांनी वायरचे आवरण तपकिरी पडते.

खरे ‘ॲडजस्टमेंट’ एलिमेंट्सचे नसून हवेचे असते. हवा किती वाहते ते काढण्यासाठी आधी क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, प्रत्येक एलिमेंटचा प्रवाह पाहावा. 5 किलोवॉटचे निरोगी एलिमेंट 240 व्होल्टला 20.8 अँपिअर घेते. एकदा माझ्याकडे 238 व्होल्ट आणि तीन एलिमेंट्सचे मिळून 62 अँपिअर आले, म्हणजे 14,756 वॉट, 3.412 ने गुणल्यास ताशी सुमारे 50,350 बीटीयू (येथे उष्णता मोजण्याचे एकक). परतीच्या आणि पुढे जाणाऱ्या हवेच्या तापमानात 46 अंश फॅरनहाइटचा फरक होता, आणि बीटीयूला 1.08 (हवेसाठीचा ठरलेला गुणक) गुणिले 46 ने भागल्यावर मिनिटाला सुमारे 1,013 घनफूट हवा निघाली. या फरकाची मर्यादा फर्नेसच्या पाटीवर लिहिलेली असते. फरक अधिक आला तर ब्लोअरचा वेग वाढवण्याआधी फिल्टर, बंद केलेल्या जाळ्या आणि अरुंद रिटर्न डक्ट तपासावेत, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. तापमापक मात्र एलिमेंट्सच्या समोरासमोर ठेवू नये. हवेबरोबर किरणांची उष्णता मोजली जाते आणि आकडा फुगतो. मी स्वतः हे दोनदा केले आहे.

थर्मोस्टॅटवर ‘गॅस’ आणि ‘इलेक्ट्रिक’ असा पंख्याचा पर्याय असतो. गॅसच्या फर्नेसमध्ये पंखा फर्नेसच सुरू करते. विजेच्या काही फर्नेसमध्ये तो थर्मोस्टॅटने सुरू करावा लागतो. पर्याय चुकला तर हवा नसताना एलिमेंट्स तापतात, लिमिट स्विच त्यांना तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो, आणि उणे 30 अंशांच्या रात्री घरमालक सांगतो की फर्नेस चालते पण घर तापत नाही. तो फोन आला की आधी हा पर्याय पाहावा.

काम संपल्यावर मी तारीख, व्होल्ट, प्रत्येक एलिमेंटचे अँपिअर, तापमानाचा फरक आणि ब्लोअरच्या वेगासाठी जोडलेली तार हे सारे मार्करने फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहितो. पुढल्या वर्षी तेथे येणारा माणूस बहुधा मीच असतो.