मृगाआधी डाउनची स्लीपिंग बॅग ठेवताना

डाउन म्हणजे बदका-हंसांची मऊ पिसं. मेअखेर हिमालयातून परतलेली बॅग बेळगावात पोचते तेव्हा वळीव सुरू झालेला असतो आणि मृग चार दिवसांवर आलेला असतो. ७-८ जूनपर्यंत जे उरकेल तेच खरं. घाटाकडच्या जांबोटी, कणकुंबीवाल्यांना तेवढीही सवड नाही. एकदा झड लागली की गणपतीपर्यंत टॉवेलसुद्धा धड वाळत नाही, तिथे कप्प्यांत शिवलेली पिसं काय वाळणार? तेव्हा बॅग घरी आली त्याच दिवशी हात घाला.

आल्या आल्या कॉम्प्रेशन सॅकमधून, म्हणजे दाबून भरायच्या पिशवीतून, काढा. खिसे रिकामे करा. चिक्कीच्या कागदाच्या वासानेही उंदीर येतो.

धुवायची की नाही हे आधी ठरवा. दरवर्षी धुवायची गरज नसते. गळ्याजवळचा भाग आणि टोपी तेलकट झाली असेल तर तेवढीच ओल्या फडक्याने पुसून घ्या. सगळी बॅग मळली असेल, पिसं फुगेनाशी झाली असतील तरच धुवा, आणि तेही पुढे तीन कोरडे दिवस मिळणार असतील तरच. आभाळ भरून आलं असेल तर नुसती वाळवून ठेवा, धुणं दिवाळीनंतर. मळकी पण कोरडी बॅग चालेल, स्वच्छ पण ओलसर अजिबात नको. धुताना डाउनसाठी मिळतो तोच साबण घ्या; कपड्याची पावडर पिसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकते, फॅब्रिक सॉफ्टनरने ती चिकटतात. टबात कोमट पाणी घेऊन पायांनी हलके तुडवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा, चार-पाच पाणी लागतात. पिळू नका. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू तर मुळीच नका: पाण्याच्या वजनाने आतले पडदे टराटर फाटतात, आणि ते बाहेरून दिसतही नाहीत. दोन्ही हात खालून घालून, बाळ उचलावं तशी उचला.

आता मुख्य गोष्ट. पायाकडचं बंद टोक. बॅग धुतलेली असो वा नसो, ते टोक उलटून बाहेर काढा आणि वेगळं वाळवा. तिथे पिसं सगळ्यांत जास्त भरलेली असतात, चेन तिथपर्यंत पोचत नाही, वारा लागत नाही, आणि बॅग दोरीवर टाकली की सगळं पाणी उतरून तिथेच साठतं. न धुतलेल्या बॅगेतही दहा रात्रींचा पायांचा घाम तिथेच मुरलेला असतो. छातीकडचा भाग दुपारपर्यंत पापडासारखा हलका होतो, माणूस म्हणतो वाळली, आणि भरून ठेवतो. ऑगस्टमध्ये उघडल्यावर ओल्या कोंबडीसारखा वास आणि अस्तरावर काळे ठिपके. तो वास पुढे धुऊनही पुरता जात नाही.

वाळवायला दोरी नको, पट्टीची खाट घ्या. तीही सावलीत, फार तर सकाळचं कोवळं ऊन. कडक उन्हाने नायलॉन विरतं. दर दोन तासांनी उलथा. तिथल्या तिथे दोन्ही तळव्यांत धरून थोपटत गोळे फोडा. एप्रिल-मेच्या हवेत धुतलेल्या बॅगेला दोन-तीन दिवस लागतात. तीन वाजले की घरात घ्या, वळवाचा भरवसा नाही. रात्री पंख्याखाली, पायाकडचं टोक उलटलेलंच, पंख्याच्या बरोबर खाली.

वाळली हे हाताला वाटण्यावर सोडू नका. बॅग उजेडासमोर धरा: ओली पिसं चिकटून गडद डाग दिसतात. मग पायाकडे मनगटापर्यंत हात घालून एकेक कप्पा चिमटीत चाचपा. हरभऱ्याएवढी जरी गाठ लागली तरी आत पाणी आहे. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लागोपाठ दोन दुपारी तोच आकडा आला तर वाळली. २०-३० ग्रॅमनी उतरतोच आहे तर अजून नाही, आणि ती ओल कुठे आहे ते आता वेगळं सांगायला नको. पायाकडे.

पिशवी मोठी हवी, १०० लिटरची तरी. ८०० फिलपॉवर म्हणजे एक औंस पिसं ८०० घन इंच फुगतात. सगळी ऊब त्या फुगण्यातच आहे, आणि चार महिने दाबलेली पिसं पूर्वीसारखी उठत नाहीत. विकतची जाळीची पिशवी नसेल तर खडेबाजारातून ३६ इंची पन्ह्याचा मांजरपाट सव्वादोन मीटर आणा, मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवा, तोंडाला नाडी घाला. शिवायच्या आधी कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढा. खळीवरच कसर येते. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. बॅग घडी न घालता, चेन अर्धी उघडी ठेवून, सैल कोंबा. पायाकडचं टोक आधी नको, शेवटी, पिशवीच्या तोंडाशी. म्हणजे तपासताना तेच पहिलं हाताला लागेल.

जागा: पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, आपल्याकडचा पाऊस त्याच अंगाने झोडपतो आणि ती भिंत आतून पाझरते. कौलाखालचा माळा नको. तांदळाच्या कणगीशेजारी नको. घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या वरच्या खणात. लोखंडी कपाट असेल तर सिलिका जेल ठेवा, पण उघड्या फळीवरच्या सुती पिशवीत त्याचा काही उपयोग नाही. डांबर गोळ्या नकोत. पिसांत तो वास मुरला की रात्रभर नाकाशी राहतो.

पुढे महिन्यातून एकदा, उघडीप मिळाली की काढा, पंख्याखाली दोन तास, झटका, परत ठेवा. उंदीर बघा. हस्ताचा पाऊस संपला की दोन दिवस सावलीत पसरा. आणि प्रत्येक वेळी आधी पायाकडे हात घाला.