वायरलेस चार्जरच्या करंट सेन्सिंग सर्किटचं पेटंट: परीक्षणाआधी काय काय हाताशी ठेवायचं

अर्ज टाकला, नंबर मिळाला, आता पुढचं पेटंट एजंट बघेल असं समजून बरेच डिझाइनवाले निवांत होतात. पण परीक्षकाला पटेल असं उत्तर शेवटी सर्किटमधूनच निघतं आणि सर्किट तुम्हाला माहितीये, एजंटला नाही. म्हणून एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल, यायच्या आधीच ही तयारी करून ठेवा.

आधी फॉर्म १८ भरलाय का ते बघा, कारण परीक्षण आपोआप होत नाही, ते मागावं लागतं. १५ मार्च २०२४ पासून टाकलेल्या अर्जांना प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे हा शोध पहिल्यांदा अर्जात मांडला त्या तारखेपासून, ३१ महिन्यांची मुदत आहे, आधी ४८ होती आणि लोकांच्या डोक्यात अजून तीच बसलीये, ती चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. फी ऑनलाइन भरली तर स्टार्टअपला ४,००० आणि मोठ्या कंपनीला २०,०००. अर्ज मुंबईच्या ऑफिसात, अँटॉप हिलला, गेला असला तरी परीक्षक कोलकात्याचा किंवा चेन्नईचाही असू शकतो, त्यामुळे जाऊन भेटून समजावू वगैरे डोक्यातून काढून टाका, जे काय सांगायचंय ते कागदावरूनच कळलं पाहिजे.

मग सर्च, म्हणजे असंच काही आधी कोणी मांडलंय का ते शोधणं. फक्त गुगल पेटंटवर चार शब्द टाकून थांबू नका, क्लास, म्हणजे पेटंटचे विषयवार वर्ग, धरून शोधा: एच०२जे ५०/१० म्हणजे इंडक्टिव्ह पॉवर, ५०/६० म्हणजे मधे आलेली धातूची वस्तू ओळखणं, ५०/८० म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरमधला डेटा, आणि करंट मोजण्यासाठी जी०१आर १९. यातलं ५०/६० सगळ्यात गर्दीचं, तिथेच जास्त वेळ घालवा. आणि चिप कंपन्यांच्या ॲप्लिकेशन नोट नक्की चाळा, कारण शंट (करंट मोजायला त्याच्या वाटेत घातलेला छोटा रेझिस्टर), त्यावर ॲम्प्लिफायर, पुढे कंट्रोलरचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ही चौकट तिथे वर्षानुवर्षं छापून पडलीये आणि परीक्षक ती डी-वन, म्हणजे सगळ्यात जवळचा जुना दाखला, म्हणून समोर ठेवू शकतो. क्यूआय या वायरलेस चार्जिंगच्या स्टँडर्डचं स्पेसिफिकेशनही वाचलेलं हवं, नाहीतर जे स्टँडर्डमध्येच लिहिलंय तेच आपण शोध म्हणून मागत बसतो.

आता मुख्य काम, आकडे. परीक्षक विचारणार की यात तांत्रिक प्रगती काय, आणि 'ॲक्युरसी वाढते' हे उत्तर कुठेच चालत नाही. असं लिहा: १२ व्होल्टवर १५ वॅट म्हणजे १.२५ अँपिअर, २० मिलिओहमच्या शंटवर मिळतात फक्त २५ मिलिव्होल्ट, त्यात ॲम्प्लिफायरचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही दिसणारी चूक, अर्धा मिलिव्होल्ट असला तर २५ मिलिअँपिअरची चूक, म्हणजे ०.३ वॅट. चार्जरवर चुकून राहिलेलं नाणं ओळखायला दिलेली पॉवर वजा पोचलेली पॉवर असा हिशोब करतात, त्यात मोजणीतच ०.३ वॅट हललं तर नाणं तापतंय की सर्किट खोटं बोलतंय ते कळणार कसं! तुमच्या सर्किटने ही चूक किती कमी केली, कोणत्या तापमानाला, कोणत्या लोडला, ते टेबल आणि स्कोपचे फोटो तारखेसकट जपून ठेवा. शंट मोठा करा की, असं कोणीतरी म्हणणारच, त्याचंही उत्तर तयार ठेवा: १०० मिलिओहम घेतला तर त्याच करंटला १५६ मिलिवॅट नुसते उष्णतेत जातात, २० ला ३१ च.

सर्किटवाल्यांना सगळ्यात जास्त छळतं ते पेटंट कायद्याचं कलम थ्री-एफ, म्हणजे ओळखीचे भाग नुसते मांडून ठेवले आणि प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करतोय असा आक्षेप. शंट जुना, ॲम्प्लिफायर जुना, फिल्टर जुना, हे खरंच आहे, नाकारत बसू नका. दाखवायचं ते हे की एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे. उदाहरण घ्या. एकाच शंटच्या सिग्नलवरून पॉवरही मोजायचीये आणि रिसीव्हरने लोड हलवून पाठवलेली पॅकेटंही वाचायचीयेत, ती सेकंदाला २ किलोबिट वेगाने येतात. पॉवरसाठी सिग्नल चांगला गाळावा तर पॅकेट पुसलं जातं, आणि पॅकेटसाठी मोकळा सोडावा तर इन्व्हर्टरचा शंभर-दोनशे किलोहर्ट्झचा नॉइज सरासरीत घुसतो, मग तुमच्या सर्किटमध्ये जर पॅकेट सुरू झाल्याचं कळताच पॉवरचं रीडिंग धरून ठेवायची सोय असेल, म्हणजे एका वाटेचं आउटपुट दुसऱ्या वाटेला थांबवतंय, तर 'स्वतंत्रपणे' हा शब्द तिथेच पडला. हे जोडणारं वाक्य क्लेम १ मध्येच, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणाऱ्या पहिल्या मुद्द्यातच हवं.

थ्री-के चा, म्हणजे हे नुसतं गणित किंवा कॉम्प्युटर प्रोग्राम आहे असा, आक्षेप येतो तो 'प्रोसेसर अमुक गणित करतो' असे क्लेम लिहिल्यामुळे. फरीद अलानी केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम बघा असं सांगितलंय, ती हाताशी ठेवा, पण खरा उपाय म्हणजे क्लेममध्ये शंट कुठे, सॅम्पलिंग कधी, आणि रीडिंगवरून कोणता गेट ड्राइव्ह (स्विच चालवणारा सिग्नल) बंद होतो ते लिहिणं.

ड्रॉइंग काढून बघा. शंटच्या दोन टोकांवरून सेन्सच्या वेगळ्या ट्रॅक, म्हणजे केल्विन कनेक्शन, काढलेत का, की नुसता चौकोन काढून त्यात 'करंट सेन्सर' लिहिलंय? हे महत्त्वाचं अशासाठी की कलम ५९ प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेलं काही नंतर घालता येत नाही आणि क्लेम रुंदही करता येत नाहीत, फक्त आवळता येतात. म्हणून आवळायच्या दोन-तीन पायऱ्या आत्ताच ठरवा आणि प्रत्येकीला कुठल्या परिच्छेदाचा आधार आहे ते पेन्सिलने लिहून ठेवा. क्लेममधल्या भागांना कंसात नंबर हवेत, ते राहिले तर फुकटचा एक आक्षेप वाढतो. एका अर्जात दोन शोध आहेत असं परीक्षक म्हणाला तर डिव्हिजनल, म्हणजे त्यातला एक शोध काढून वेगळा अर्ज, टाकता येतो, पण पेटंट मंजूर व्हायच्या आत.

परदेशात अर्ज असेल तर त्याची माहिती देणारा फॉर्म ३ एफईआरच्या तारखेपासून तीन महिन्यांत. एफईआरच्या उत्तराला सहा महिने, मुदतवाढीचा फॉर्म ४ देऊन अजून तीन, मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

हिअरिंग लागली तर ती व्हिडिओवर असते. सर्किट डिझाइन करणारा माणूस एजंटच्या शेजारी बसवा, पण बोलायचं कोणी ते आधी ठरवून, दोघं एकदम बोलायला लागले की ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. तारीख पुढे ढकलायची तर किमान तीन दिवस आधी फी भरून अर्ज द्यावा लागतो आणि दोनदाच मिळते. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं द्यायला फक्त १५ दिवस, तेव्हा सुधारित क्लेमची खाडाखोड दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत, दोन्ही हिअरिंगच्या आदल्या दिवशीच तयार असू द्या.